अवताडेकाकांचं इंग्लंड

आमच्या कॉलनीत कुणाचं पोरगं इंग्लंडला निघालं, की पेढे त्याच्या आईवडिलांकडून मिळायचे आणि गावाचा उच्चार अवताडेकाकांकडून.

"काका, आमचा निखिल एडिनबर्गला चाललाय," असं म्हणत कुणी पेढ्यांचा बॉक्स पुढं केला, की काका उचललेला पेढा परत बॉक्समध्ये ठेवून द्यायचे.

"गलत. एडिनबरा. तो शेवटचा 'ग' नुसता लिहायला हाय. तिथलं माणूस त्याला तोंड लावत नाय."

बाप बिचारा 'एडिनबरा' म्हणायचा. मग काका "दुरुस्त!" म्हणून पेढा तोंडात टाकायचे. 'गलत' आणि 'दुरुस्त' हे त्यांचे दोनच निकाल. मधलं काही नाही. "जवळपास बरोबर आहे," असं ते कधीच म्हणाले नाहीत.

काकांनी इंग्लंड पाहिलं होतं असा कुणाचा समज होईल, म्हणून सांगतो. काकांनी विमानसुद्धा पाहिलं होतं ते चिकलठाण्याच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेरून. त्यांचं घर मूळचं कन्नडच्या बाजूचं, शेतकऱ्याचं. थोरल्या भावानं शेती सांभाळली आणि हे एसटीत लागले. उभी हयात गेली ती आमच्या शहरातल्या मोठ्या बसस्टँडवर. चौकशीची खिडकी आणि तिच्यामागचा माईक, एवढं त्यांचं राज्य. अंगानं काटकुळे, पण आवाज असा की स्टँडवर झोपलेली माणसं उठून आपापल्या गाडीत बसायची. निवृत्त झाल्यावर त्यांना माईकची उणीव कधी भासली नाही. दूधवाल्याला ते गच्चीवरून हाक मारत आणि शेजारच्या गल्लीतला दूधवाला येऊन उभा राही.

त्यांच्या या उच्चाराच्या वेडाचं मूळ इंग्लंडात नव्हतं. ते होतं त्यांच्या स्वतःच्या नावात. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा काका नुकते शाळेत जायला लागले होते. निजामाचा अंमल, तेव्हा शाळा उर्दू. हजेरी उर्दूत. पोलीस ॲक्शन झाली, जुने मौलवीसाहेब गेले आणि पुण्याकडचे एक मास्तर आले. मास्तरांना उर्दू येईना. त्यांनी शाळेच्या शिपायाला हजेरी वाचायला बसवलं. उर्दूत काने-मात्रे बहुतेक वाचणाऱ्याच्या मर्जीवर असतात. शिपायानं 'त्रिंबक' वाचला तो 'तरंबक'.

"मी हात वर केला," काका सांगायचे, "म्हणलं, गुरुजी, त्रिंबक. गुरुजी म्हणले, कागदावर तरंबक आहे. मी म्हणलं, पण मी इथं उभा हाय ना! माझं नाव मला इचारा की. तव्हा एक छडी खाल्ली. चौथीपर्यंत तरंबकच होतो मी."

तेव्हापासून काकांचा छापील गोष्टींवरचा विश्वास उडाला तो उडालाच. कुणी गावाचं नाव वाचून दाखवलं की ते हात वर करून थांबवायचे. "छापलेलं राहू द्या. तिथलं माणूस काय म्हणतंय?"

हा प्रश्न ते स्टँडवरसुद्धा विचारत. गाडीच्या पाटीवर 'फुलंब्री' असायचं, पण त्या बाजूच्या म्हाताऱ्या बाया 'फुलमरी' म्हणायच्या, म्हणून काका माईकवर 'फुलमरी' म्हणत. खुलताबादला तिथली जुनी माणसं 'रोजा' म्हणायची, म्हणून खुलताबादची गाडी लागली की काका पुकारत, "रोज्याची गाडी, रोज्याचीऽऽ!" एकदा वरून कुणी साहेब तपासणीला आले. त्यांनी काकांना बोलावून सांगितलं, की पाटीवर असेल तेच नाव घ्या. काकांनी मान डोलावली, खिडकीत जाऊन बसले आणि माईक चालू केला. "खुलताबाद. पाटीवर खुलताबाद हाय. ज्याला रोज्याला जायाचं त्यानं बी हितंच बसावं."

साहेब हसले म्हणतात. निदान काका तरी तसं सांगत.

आता या माणसाच्या खिडकीसमोर एक दिवस इंग्लंड येऊन उभं राहिलं. आमच्या शहरात वेरूळ-अजिंठ्यामुळं परदेशी पाहुण्यांची कायम वर्दळ. त्यातले पाठीवर बोचकं घेतलेले, काटकसरी पाहुणे टॅक्सी न करता एसटीनं जायचे आणि 'एलोरा? एलोरा?' करत चौकशीच्या खिडकीशी यायचे. काका आधी त्यांच्याकडून 'वेरूळ' म्हणवून घेत. तो 'ळ' काही त्यांना झेपायचा नाही. कुणी 'वेरूल' म्हणे, कुणी 'वेरूर'. काका टाळ्याला जीभ कशी लावायची ते स्वतःचं तोंड उघडून दाखवत. मागं रांग वाढायची. शेवटी "चालंल, पाहुणं हाय," म्हणून सोडून देत. पण तिकिटाकडं जाण्याआधी पाहुण्याला काकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे.

"युवर व्हिलेज?"

पाहुणा सांगे लंडन. काकांचा चेहरा पडे. लंडनमध्ये त्यांना राम वाटत नसे. पण कुणी आडगावचा निघाला की काका खिडकीतून अर्धे बाहेर यायचे. त्या नावाचं स्पेलिंग काय, त्यातली कुठली अक्षरं म्हणायची आणि कुठली गिळायची, ते पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचे. इंग्रज माणूस स्वतःच्या गावाच्या नावातली निम्मी अक्षरं गिळतो आणि बाहेरून येणारा प्रत्येक जण ती सगळी म्हणत बसतो, याचा त्यांना फार आनंद व्हायचा. "म्हंजे त्यांच्यातबी तरंबक असत्यात," असं ते म्हणत.

आणि मग, छापलेलं 'वॉर्सेस्टर' बाजूला ठेवून, माईकवर, साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असं, "वूस्टरचे पाहुणे! तुमची वेरूळ गाडी लागलेली हाय. वूस्टरचे पाहुणेऽऽ!"

इतक्या लांब येऊन, कांदेवाल्यांच्या आणि वऱ्हाडांच्या गर्दीत, आपल्या गावाचं नाव अगदी आपल्या आईसारखं कुणीतरी पुकारतंय हे ऐकून ती माणसं जागच्या जागी उभी राहायची. एका म्हातारीनं तर म्हणे खिडकीतून हात घालून काकांच्या गालाला हात लावला होता.

गडबड झाली ती एका नवरा-बायकोच्या जोडीमुळं. दोघं एकाच गावचे. काकांनी विचारलं, "युवर व्हिलेज?" नवरा म्हणाला, "श्रोझबरी." बायको म्हणाली, "श्रूझबरी." नवरा म्हणाला, श्रोझबरी. बायको म्हणाली, मी जन्मले तिथं, श्रूझबरी. काका एकदा याच्या तोंडाकडं बघत, एकदा तिच्या. दोघंही तिथलीच माणसं! काकांच्या आयुष्यात असा पेच कधी पडला नव्हता. नवरा-बायकोचं बघता बघता असं जुंपलं की जळगावची गाडी, म्हणजे त्यांची अजिंठ्याची गाडी, सुटून गेली. काकांनी चहा मागवला. पुढची गाडी लागल्यावर त्यांनी माईकवर पुकारा केला, "श्रोझबरीचे पाहुणे आणि श्रूझबरीच्या बाई! दोघांची गाडी एकच हाय. बसून घ्या."

दुसरी गडबड आमच्या कॉलनीत झाली. बर्मिंगहॅमच्या एका पोरानं काकांना सांगितलं होतं की आम्ही आमच्या गावाला नुसतं 'ब्रम' म्हणतो. काकांनी ते गाठीला बांधून ठेवलं. पुढं कित्येक वर्षांनी कॉलनीतल्या देशमुखांचा मुलगा बर्मिंगहॅमला निघाला. काका जिन्यात देशमुखबाईंना गाठून म्हणाले, "ऐकलं मी. पोराला ब्रम झालं म्हणं. लई चांगलं झालं."

देशमुखबाईंनी 'भ्रम' ऐकलं. त्यानंतर देशमुखांचं घर आणि अवताडेंचं घर यांच्यात कितीतरी दिवस वाटी-साखरेचा व्यवहार बंद होता. तो पुन्हा सुरू केला कौसाकाकूंनी.

कौसाकाकू म्हणजे काकांच्या पत्नी. काका बोलायचे ते गावांबद्दल. काकू बोलायच्या ते उरलेल्या सगळ्या जगाबद्दल. भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना, कुणी ऐकत असो वा नसो, त्यांचं बोलणं चालू. पोरगी एकच, ती जालन्याला दिलेली, त्यामुळं घरात ही दोघंच. पण दारावरून गेलं तर घरात सहा-सात माणसं असावीत असं वाटायचं. काकांच्या वेडाची चेष्टा करण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडंच ठेवला होता. काका फार ऐटीत यायला लागले की त्या म्हणत, "एवढं इंग्लंड पाठ केलंय, पण रेशनच्या दुकानाचा रस्ता मलाच इचारतेत."

आमची केतकी शिकायला इंग्लंडला निघाली तेव्हा तिच्या गावाच्या नावावरून घरात चार मतं होती. कागदावर ते नाव बघितलं की नुसते 'ओ' आणि 'जीएच' दिसायचे. माझी बायको शुभदा म्हणायची 'लोघबरोघ'. मेहुणा म्हणायचा 'लाऊबरो'. मी दोन्ही टाळून 'तिचं गाव' म्हणायचो. शेवटी आम्ही काकांकडं गेलो. मला वाटलं, निकाल लागेल. काकांनी नाव नीट पाहिलं आणि कागद परत दिला.

"मालूम नाय."

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"तिथलं माणूस आजवर भेटलं नाय. अंदाजानं कुणाच्या गावाचं नाव घ्यायचं नसतं, कुलकर्णी." मग केतकीकडं वळून म्हणाले, "बाई, तू एक काम कर. तिथं उतरली की पहिलं बसच्या डायव्हरला इचार. आन् मला फोन लाव."

केतकी आज्ञाधारक निघाली. परदेशात उतरल्यावर तिचा पहिला फोन आम्हा आईबापांना न येता अवताडेंच्या घरी गेला. आम्ही इकडं फोनकडं डोळे लावून बसलेलो, आणि गच्चीवरून आवाज आला, "कुलकर्णीऽऽ! केतकी लफ्बऱ्याला पोचली!"

पाठोपाठ काकूंचा आवाज. "काय लफडं झालं?"

"लफडं नाय गं, लफ्बरा! लफ्-ब-रा! गावाचं नाव हाय."

"मंग तेच म्हणते की मी. पोरगी लफड्याला पोचली का सुखरूप?"

काका वरून 'गलत, गलत' म्हणून ओरडत होते, काकू 'लफडं, लफडं' म्हणून हसत होत्या आणि आम्हाला आमची मुलगी सुखरूप पोचल्याची बातमी अशी सगळ्या कॉलनीबरोबर मिळाली.

त्यानंतर एका सकाळी काकू मेथी निवडत बोलत होत्या. बोलता बोलता हातातली जुडी खाली पडली आणि तोंडातून जे यायला लागलं त्याचा काहीच अर्थ लागेना. काकांनी गच्चीवरून मला हाक मारली. त्या दिवशी त्यांचा आवाज दोन घरांपलीकडंसुद्धा गेला नाही; मला तो कसाबसा ऐकू आला. मी गाडी काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत काका काकूंचा लुळा पडलेला उजवा हात आपल्या हातात धरून बसले होते आणि काकू घाईघाईनं त्यांना काहीतरी सांगत होत्या, आणि त्यातलं काहीच काकांना कळत नव्हतं.

जिवावरचं टळलं. हातही हळूहळू सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. बोलण्याचं मात्र सांगता येणार नाही. "त्यांना सगळं कळतंय. काय बोलायचं तेही ठाऊक आहे. पण शब्द सापडत नाहीत, किंवा दुसराच सापडतो."

शुभदानं घरी आल्यावर पहिली काळजी केली ती वेगळीच. "आता काका 'गलत, गलत' करून त्या माउलीचा जीव नकोसा करतील."

कॉलनीतल्या सगळ्यांनाच ती धास्ती होती. काकू घरी आल्यावर मी भेटायला गेलो. पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. त्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. डावा हात स्वयंपाकघराकडं करून त्या काकांना म्हणाल्या, "शाळा."

मी काकांकडं पाहिलं. काका उठले, आत गेले आणि तीन कप चहा घेऊन आले.

"घ्या शाळा," मला कप देत ते म्हणाले.

मी हळूच विचारलं, "काका, दुरुस्त नाही करत तुम्ही?"

"कशापायी? तिला समजलं, मला समजलं. आता तुम्हालाबी समजलं."

काकू माझ्याकडं बघत होत्या. माझं नाव घ्यायचं होतं त्यांना. मला त्या नेहमी 'कुलकर्णी भावजी' म्हणायच्या. ओठ हलले. "कु... कुल..." कपाळावर घाम आला. मी म्हणालो, राहू द्या काकू. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि जोर लावून म्हणाल्या, "कुल्फी."

म्हणाल्या आणि त्यांना कळलं की चुकलं. ते कळणं फार वाईट होतं. डोळे भरून आले आणि त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या.

"व्हय," काका म्हणाले, अगदी सहज. "कुल्फीच आलेत. आणखी शाळा घ्या, कुल्फी."

त्या दिवसापासून मी कुल्फी झालो. मला वाटलं, काकूंच्या समोर काका मन राखायला म्हणतात. पण एकदा मी क्रांती चौकात सिग्नलला उभा होतो. समोरच्या कडेनं भाजीची पिशवी घेतलेले काका येत होते. त्यांनी मला पाहिलं आणि स्टँडवरच्या आवाजात हाक मारली, "ओ कुल्फीऽऽ!"

सगळा चौक वळून बघायला लागला. माझ्या आधी एक कुल्फीचा गाडा त्यांच्याकडं गेला. "कित्ती दूँ, चाचा?" काकांनी गोंधळून दोन कुल्फ्या घेतल्या आणि एक माझ्या हातात दिली. आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून त्या खाल्ल्या.

"काका, इथं तर कुलकर्णी म्हणायला हरकत नव्हती," मी म्हणालो.

काका कुल्फी खाता खाता म्हणाले, "घरात एक आन् बाहीर एक, असं माझ्यानं जमत नाय. जिभेला एकच वळण पायजे. तिच्यासमोर तुम्हाला चुकून कुलकर्णी म्हणलो, तर तिला वाटंल की आजवर हे माझं मन राखत होते."

कुल्फी वितळून माझ्या मनगटावरून ओघळत होती.

काकूंना बोलायला शिकवायला एक मॅडम यायच्या. तरुण, मनापासून काम करणाऱ्या. त्या चित्रांचे पत्ते दाखवून एकेक शब्द म्हणून घेत. काका त्या वेळी पलंगाशेजारी बसून, शाळेतल्या मुलासारखे, स्वतःही प्रत्येक शब्द म्हणत. पाणी. चमचा. चष्मा. मॅडमनी एकदा त्यांना समजावलं, "आजोबा, तुम्ही घरात आजींचेच शब्द वापरता. बरोबर शब्द त्यांच्या कानावर पडत राहिले पाहिजेत."

"पडू द्या की," काका म्हणाले. "तुम्ही येता तव्हा तुमचे शब्द. तव्हा मीबी तुमचेच म्हणीन. तुम्ही गेल्यावर मातुर तिचे. दिवसभर शाळेतच बसवायचं का तिला?"

मॅडम हसल्या आणि त्यांनी ते मान्य केलं. काकूंना हळूहळू काही शब्द परत मिळाले. पाणी मिळालं. मंगल, म्हणजे मुलीचं नाव, मिळालं. काही मिळाले नाहीत. काकूंच्या तोंडी चष्मा अखेरपर्यंत 'चकली'च राहिला, आणि काका वाचायला बसताना "माझी चकली कुठं गेली?" म्हणून घरभर शोधायचे.

या सगळ्यात काकांचं इंग्लंड मात्र सुटलं. कॉलनीतल्या कुणाची तरी मुलगी ग्लासगोला निघाली. आई पेढे घेऊन काकांकडं आली. मुद्दाम पाठ करून आली होती, तरी ऐन वेळी 'ग्लासगोव' म्हणाली. म्हणाली आणि जीभ चावून उभी राहिली. काकांनी पेढा घेतला आणि सरळ तोंडात टाकला. "चांगलं झालं, बाई," एवढंच म्हणाले. ती माउली आमच्या घरी येऊन सांगत होती, तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. आपल्या लेकीचं गाव काकांनी दुरुस्त केलं नाही, याचं तिला वाईट वाटलं होतं.

मग त्या हिवाळ्यात केतकी सुट्टीला आली ती आपल्या घरमालकिणीला घेऊन. हेलन तिचं नाव. साठी उलटलेली, एकटी राहणारी, गुडघे दुखत असूनही वेरूळचं कैलास लेणं चढून उतरलेली बाई. केतकीनं तिला काकांच्या कितीतरी गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. तिला त्यांना भेटायचं होतं. मी काकांना संध्याकाळी घरी बोलवायला गेलो.

"नको," काका म्हणाले. "हिला एकटी ठेवता येत नाय, आन् लोकांसमोर बसायला ही लाजती."

काकू ऐकत होत्या. त्यांनी डाव्या हातानं काकांची बाही ओढली आणि कपाटाकडं बोट केलं. कपाटात त्यांच्या चांगल्या साड्या होत्या.

संध्याकाळी दोघं आले. काकूंनी जांभळी साडी नेसली होती. निऱ्या एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. त्या कुणी घातल्या ते कळत होतं. काका खुर्चीच्या कडेवर बसले आणि काहीच बोलेनात. हेलनबाई हसून बघत होत्या. केतकी म्हणाली, "काका, विचारा ना. तुमचा प्रश्न."

काकांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

काकांनी घसा साफ केला. "युवर व्हिलेज? लफ्बरा नको. मूळ. बर्थ."

हेलनबाईंनी सांगितलं. नॉरिच. मग स्वतःच हसून सांगायला लागल्या, की बाहेरचे लोक येतात आणि नॉर-विच म्हणतात. आम्हाला लगेच कळतं हा बाहेरचा.

"डब्ल्यू गिळला!" काका एकदम म्हणाले. कितीतरी महिन्यांनी तो चेहरा मी तसा बघत होतो. "पुन्ना म्हणा. नॉरिच. पुन्ना."

हेलनबाईंनी पुन्हा म्हटलं. काकांनी म्हटलं. केतकीनं, शुभदानं, मी, सगळ्यांनी म्हटलं. बैठकीच्या खोलीत थोडा वेळ नुसतं नॉरिच, नॉरिच चाललं होतं. आणि त्या गलबल्यात काकूंनी तोंड उघडलं.

परक्या माणसासमोर त्या एक शब्दही बोलत नसत, नवा तर नाहीच. नॉरिच, नॉरिच थांबलं. शुभदा हातातल्या ट्रेकडं बघत उभी राहिली.

"न..." काकू म्हणाल्या. "नव..." डाव्या हाताची मूठ वळली. "नवरी."

केतकीनं ओठ दाबून धरले. काकूंना कळलं. त्यांचा पदर तोंडाशी गेला आणि मान खाली गेली.

हेलनबाईंना आजाराचं माहीत नव्हतं, ते सांगायचं केतकीकडून राहून गेलं होतं. त्यांनी मोठ्या आदबीनं काकांना इंग्रजीत विचारलं, की आमच्या गावाला इथं असं म्हणतात का?

केतकी भाषांतर करायला पुढं सरकली. काकांनी हातानं तिला थांबवलं. त्यांना समजलं होतं. ते ताठ बसले. हेलनबाई अस्सल तिथल्याच, जन्मानं तिथल्या, त्यांच्यासमोर बसलेल्या.

"येस," काका म्हणाले. "आमच्याकडं असंच म्हणतेत. नवरी."

आवाज स्टँडवरचा होता. शेजारच्या घरातही गेला असेल.

हेलनबाईंनी मन लावून म्हणून पाहिलं. "नावरी."

"नाय, नाय." काकांनी मान हलवली. "माझ्याकडं नका बघू. तिच्याकडं बघा. ती कशी म्हणती ते ऐका."

केतकीनं ते इंग्रजीत सांगितलं. हेलनबाई उठल्या, आपली खुर्ची ओढून काकूंच्या समोर नेली आणि दुखरे गुडघे सावरत तिथं बसल्या. काकूंनी एकदा काकांकडं पाहिलं. मग तोंडावरचा पदर काढला, आणि पाहुणीला नीट कळावं म्हणून, सावकाश, पुन्हा म्हणाल्या, "नवरी."